अमेरिकन मराठी मिशन

अमेरिकन मराठी मिशन : बॉस्टन येथील ‘अमेरिकन बोर्ड’ या प्रॉटेस्टंट संस्थेने मराठी मुलखात चालविलेले ख्रिस्ती धर्मकार्य. १८१० साली स्थापन झालेल्या या बोर्डाचे परदेशातील हे पहिले क्षेत्र होय. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे त्याचे पहिले मिशनरी १८१२ मध्ये कलकत्त्यास उतरले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा ते तेथून निसटून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. त्याच वर्षी कंपनीची सनद नव्याने मंजूर होताना मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी झाली आणि त्यांचा मुक्काम कायम झाला. नॉट प्रकृतीमुळे लवकरच परतले. हॉल मात्र मराठी शिकून येथेच राहिले आणि १८२६ साली नाशिक भागातील दौऱ्यात पटकीने (कॉलऱ्याने) वारले.

मुंबईतील आरंभीचे काम शाळा आणि छपाई यांचे होते. मिशनच्या छापखान्यातून १८१७ पासून मराठी धर्मपुस्तिका निघू लागल्या. देवनागरी खिळ्यांच्या घडणीत या छापखान्याचा वाटा मोठा आहे. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांनी मुद्रणाचे पहिले धडे येथेच गिरविले. धर्मांतरे मात्र फारच थोडी झाली. शिकलेला वरिष्ठ वर्ग आधी वळेल आणि त्याच्यामागून बाकीचा समाज येईल, अशी अपेक्षा होती. ती फळास आली नाही.

१८३१ च्या अखेरीस अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे ठाणे उघडले गेले आणि मिशनचे केंद्र हळूहळू तिकडे सरकले. तेथील मंडळीच्या (स्थानिक चर्चच्या) पहिल्या काही सभासदांत शहराच्या अनाथ-अपंगांच्या आश्रयगृहातील माणसे होती. हरिपंत ख्रिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांसारखे ब्राह्मणही आले व पुढे पाळक (मंडळीचे धर्मगुरू) झाले. पण संख्येने आणि उत्साहाने पुढे आला तो महार समाज, आणि काही प्रमाणात मांग समाज. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी १८५४-५५ मध्ये येथे येऊन इंग्रजी शिक्षणावरील भर कमी करावयास लावला, खेड्यांतील मराठी प्रचार आणि देशी पाळक यांना अग्रक्रम दिला. त्यानंतर नेवासे तालुक्यातील वडाळा बहिरोबा व आसपासच्या गावांत मंडळ्या वाढल्या. हे परदेशी मिशनऱ्यांचे यश म्हणून सांगितले जाते, ते अपुरे आहे. वर्षातून काही दिवस तंबू घेऊन येणाऱ्या साहेबापेक्षा महारवाड्यातच राहून मुलांना बाराखडी शिकविणारा, रविवारी उपासना चालविणारा आणि पाटील-कुलकर्ण्यांपुढे आपल्या माणसांची बाजू मांडणारा देशी शिक्षकच गावकऱ्यांच्या दृष्टीने मिशन होता. त्याच्याबरोबर घरोघर जाऊन स्त्रियांना बायबल वाचून दाखविणारी देशी ‘बायबल बाई’ हीदेखील या कार्याचा कणा होती.

ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, चावडीत बसता येत नव्हते, त्याच्या मुलाच्या हाती पाटी आली, याचे मोल धर्मांतराच्या आकड्यांत मोजता येणार नाही. प्रभुभोजनात, म्हणजे भाकर व द्राक्षरस वाटून घेण्याच्या ख्रिस्ती विधीत, ब्राह्मण व महार यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षरस घेणे ही त्या काळी मोठी कसोटी होती. तरीही जात मंडळीतून गेली नाही. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात सोयरिकी क्वचितच होत; आणि धर्म बदलला तरी वतन व बलुते यांमुळे ख्रिस्ती महार गावगाड्याशी बांधलेलाच राहिला.

स्त्रीशिक्षणातील कामगिरी सिंथिया फरार यांच्या नावाशी निगडित आहे. बोर्डाने परदेशी पाठविलेल्या पहिल्या काही अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक. १८२७ मध्ये त्या मुंबईस आल्या, १८३९ पासून अहमदनगरला राहिल्या आणि १८६२ मध्ये तेथेच निवर्तल्या. जोतीराव फुले यांनी फरारबाईंनी चालविलेल्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या आणि त्यांनी पुण्यात काढलेल्या मुलींच्या शाळेमागे ती प्रेरणा होती. अहमदनगरहून १८४२ मध्ये सुरू झालेले ज्ञानोदय हे नियतकालिक मराठीतील अत्यंत दीर्घायुषी नियतकालिकांपैकी एक आहे.

१८७६-७८ आणि १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांत मिशनने अमेरिकेतून आलेल्या पैशांवर अन्नछत्रे, कामे व अनाथालये चालविली. या मदतकार्याबद्दल मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांना सरकारने कैसर-ई-हिंद सुवर्णपदक दिले. अनाथ मुलांना सुतारकी, विणकाम यांसारखे धंदे शिकविण्यात आले. याच वर्षांत बाप्तिस्मे (ख्रिस्ती धर्मदीक्षा) भराभर वाढले, आणि पोटासाठी धर्म बदलला हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. भुकेने माणसे मिशनच्या दारी आली हे खरे आहे, आणि भुकेल्याच्या संमतीविषयी प्रश्न विचारलाच पाहिजे. पण दुष्काळाच्या वीस वर्षे आधीच महारवाड्यांतून शाळेची मागणी येत होती आणि पाऊसपाणी सुधारल्यावरही बहुसंख्य कुटुंबे मंडळीत टिकली, हे त्या आक्षेपाने झाकून जाऊ नये.

पैसा आणि अधिकार परदेशी हातांत असणे ही देशी ख्रिस्त्यांची जुनी व्यथा होती. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी दोन दशके मिशनमध्ये काम केले, अभंग व भजनांच्या वळणाची ख्रिस्ती गीते रचली. परंतु अखेर १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र देशी भक्तसंघ उभारला. सूत्रे पूर्णपणे देशी हाती येण्यास त्यानंतरही बराच काळ लागला. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले. १९७० मध्ये या परंपरेतील मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रॉटेस्टंट चर्चमध्ये सामील झाल्या.

अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्यांना त्या वर्गाच्या सवलती मिळत नाहीत. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. अस्पृश्यतेचा भार ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिला, त्यांच्या नातवंडांना हे अन्यायाचे वाटते, आणि त्या सवलती मिळाव्यात ही या मंडळ्यांची मागणी अद्याप प्रलंबित आहे.