आतड्याचा लिंफोमा : शस्त्रक्रियेचे स्थान

लिंफोमा म्हणजे लसीकापेशींचा, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. लसीकाग्रंथींबाहेर तो सर्वाधिक आढळतो पचनमार्गात. तिथे जठराचा क्रमांक पहिला, मग लहान आतड्याचा. शेषांत्र (लहान आतड्याचा शेवट) आणि अंधांत्र (मोठ्या आतड्याची सुरुवात) जुळतात तो भाग त्याला विशेष बळी पडतो, कारण तिथे लसीकापेशींचे पुंजके दाट असतात.

जठराच्या लिंफोमात शस्त्रक्रिया आता जवळजवळ मागे पडली आहे. आतड्यात तसे झालेले नाही. जठरात दुर्बीण घालून तुकडा काढता येतो. लहान आतड्याच्या मधल्या भागात ती सहज पोचत नाही, म्हणून कित्येकदा निदान पोट उघडल्यावरच होते. शिवाय बरेच रुग्ण येतात तेच तातडीच्या अवस्थेत : आतडे फुटलेले, रक्तस्राव सुरू, किंवा आतड्यात आतडे शिरून अडकलेले. पाच-सहा वर्षांपुढच्या मुलात आतडे असे शिरले, तर बर्किट लिंफोमाची, म्हणजे फार झपाट्याने वाढणाऱ्या प्रकाराची, शंका घ्यायलाच हवी.

काढलेला भाग उभा चिरला की नेहमीच्या आतड्याच्या कर्करोगापेक्षा वेगळे दृश्य दिसते. भिंत जाड, पांढुरकी, मऊ. पण नळी अरुंद होण्याऐवजी कधीकधी उलट फुगलेली, कारण गाठीने स्नायू आणि मज्जातंतूंचे जाळेच पोखरलेले असते. हा नमुना सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावात) टाकणे ही चूक. थोडा ताजा भाग पेशींच्या तपासणीसाठी ठेवावा लागतो.

गाठ एकाच जागी असेल तर तो तुकडा, त्याला धरणारा पडदा व त्यातल्या ग्रंथींसह काढून टोके जोडतात. पोटात पू पसरला असेल तर जोड धोक्याचा, मग टोक पोटावर आणतात. रोग पसरलेला असताना मात्र सगळी गाठ काढण्याचा हट्ट धरू नये. बर्किटमध्ये तर मोठ्या शस्त्रक्रियेने केमोथेरपी लांबते आणि नुकसान रुग्णाचेच होते.

लसीकापेशींचे बी आणि टी असे मुख्य प्रकार. आक्रमक बी-पेशी लिंफोमात खरा भार रिटुक्सिमॅब (बी-पेशींवर नेम धरणारे प्रतिपिंड-औषध) आणि केमोथेरपी यांवरच असतो. मग गाठ आधी काढावी का? यावर मतभेद आहेत. भिंतीच्या पूर्ण जाडीत गाठ असेल तर औषधाने ती विरघळताना तिथेच भोक पडू शकते. आधी काढल्यास ते टळते. दुसरीकडे जोड गळला तर उपचार आठवडेच्या आठवडे अडतात. सीलिअॅक रोगाशी (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) जोडलेल्या टी-पेशी लिंफोमात आतडे फुटण्याची भीती मोठी, त्यामुळे तिथे सर्जन लवकर पुढे येतो. द्वादशांत्रातला (लहान आतड्याच्या पहिल्या भागातला) फॉलिक्युलर नावाचा संथ लिंफोमा असेल, तर बहुधा नुसते लक्ष ठेवणे पुरते.