मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज आणि मेडिगॅप: एजंट एकच, नियम दोन

अमेरिकेतल्या मराठी घरांत कुणी पासष्टीला टेकलं, की टपालपेटीत रंगीत पत्रांचा ढीग सुरू होतो. शून्य प्रीमियम, दात आणि चष्मा मोफत, कुठलाही डॉक्टर चालेल, आजच फोन करा. मेडिकेअर म्हणजे तिथल्या सरकारचा मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठीचा आरोग्यविमा. या ढिगात त्याच्याशी जोडलेल्या दोन अगदी निराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात: मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज आणि मेडिगॅप. दोन्ही खासगी कंपन्यांच्या. दोन्हींसाठी मेडिकेअरचे पार्ट ए (इस्पितळाचा भाग) आणि पार्ट बी (डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांचा भाग) आधी हातात लागतात. पुष्कळदा समोर बसलेला एजंटही दोन्ही विकतो. पण त्या विकायचे आणि त्यात नाव नोंदवायचे नियम वेगळे आहेत. हा फरक उशिरा कळला तर पुढे पैसे मोजायची तयारी असूनही काही वेळा उपयोग होत नाही, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

आधी वस्तू कोणती ते पाहू. सरकारच्या मूळ मेडिकेअरमध्ये, वर्षाचं डिडक्टिबल (आधी आपण भरायची ठरावीक रक्कम) भरल्यावर, डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांच्या मान्य खर्चाचे साधारण ८० टक्के पार्ट बी देतं. उरलेले २० टक्के आपले, आणि त्यांना वरची मर्यादाच नाही. मेडिगॅप हा उरलेला वाटा उचलणारा पूरक विमा आहे. मूळ मेडिकेअर तसंच राहतं आणि मेडिकेअर घेणारा कुठलाही डॉक्टर चालतो. अ‍ॅडव्हान्टेजमध्ये मात्र सगळा कारभारच कंपनीकडे जातो. सरकार कंपनीला माणशी ठरावीक रक्कम देतं, कंपनी आपलं डॉक्टरांचं जाळं ठरवते आणि बऱ्याच उपचारांआधी तिची परवानगी लागते. त्या बदल्यात खिशातून जाणाऱ्या खर्चाला वर्षाची मर्यादा असते. २०२६ साठी जाळ्यातल्या उपचारांची ही कमाल मर्यादा ९,२५० डॉलर आहे. एका वेळी या दोन्हींपैकी एकच उपयोगी पडते. अ‍ॅडव्हान्टेज चालू असलेल्या आणि त्यातून बाहेर न पडणाऱ्या माणसाला मेडिगॅप विकणं बेकायदेशीर आहे.

विक्रीचे नियम पाहिले की फरक आणखी ठळक होतो. अ‍ॅडव्हान्टेजची विक्री केंद्र सरकारच्या हाताखाली चालते. एजंटने न बोलावता दार ठोठवायचं नाही, आपणहून फोन करायचा नाही. पत्र मात्र पाठवता येतं, म्हणून तर तो ढीग. भेटीआधी ‘स्कोप ऑफ अपॉइंटमेंट’ नावाच्या कागदावर सही घ्यायची आणि त्यावर ज्या विषयापुढे खूण केली असेल तेवढ्यावरच बोलायचं. विक्रीच्या कार्यक्रमात जेवण देता येत नाही, भेटवस्तू १५ डॉलरपर्यंतचीच. पुढच्या वर्षाच्या योजनांची जाहिरात १ ऑक्टोबरआधी नाही, आणि अर्ज १५ ऑक्टोबरपासून. विक्रीचे फोन रेकॉर्ड होतात. कमिशनची कमाल रक्कमही सरकारच ठरवतं.

मेडिगॅपचं नियमन प्रामुख्याने राज्याच्या विमा खात्याकडे असतं. त्यासाठी तो स्कोपचा कागद लागत नाही. पण केंद्राच्या १९९० च्या कायद्याने एक फार मोठं काम करून ठेवलं आहे: मेडिगॅपच्या योजना अक्षरांनी ठरवून दिल्या. एका कंपनीचा प्लॅन जी आणि दुसरीचा प्लॅन जी यांच्या मूळ लाभांत फरक नसतो. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांची रचना तेवढी वेगळी. म्हणून मेडिगॅपच्या एजंटला विचारायचे प्रश्न दोनच: आजचा प्रीमियम किती, आणि वयाबरोबर तो कसा वाढणार? अ‍ॅडव्हान्टेजला हा हिशेब लावून चालत नाही. तिथे एकाच कंपनीच्या शेजारच्या दोन काउंटींतल्या योजनाही वेगळ्या असू शकतात, आणि आपला डॉक्टर, आपलं इस्पितळ, आपली औषधं एकेक करून ताडून पाहावी लागतात.

सगळ्यात महाग पडणारी गल्लत होते ती मुदतींची. अ‍ॅडव्हान्टेजचं दार दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर उघडं असतं. मधुमेह असो, बायपास झालेली असो, कंपनीला नाही म्हणता येत नाही. टीव्हीवर शरद ऋतूत जो ‘ओपन एनरोलमेंट’चा गजर चालतो तो याच मुदतीचा. ऐकणाऱ्याला वाटतं, मेडिगॅपही तेव्हाच घ्यायचं. तसं नाही. मेडिगॅपची हमीची मुदत सहा महिन्यांची आणि सर्वसाधारणपणे आयुष्यात एकदाच. वय ६५ पूर्ण आणि पार्ट बी चालू, या दोन्ही गोष्टी ज्या महिन्यात पहिल्यांदा जुळतात त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून ती सुरू होते. या सहा महिन्यांत तब्येतीवरून नकार नाही आणि त्यावरून जादा प्रीमियमही नाही.

ते सहा महिने उलटले की बहुतेक राज्यांत अर्जाबरोबर प्रश्नावली येते. उंची किती, वजन किती. इन्सुलिन घेता का. इतक्यात इस्पितळात दाखल झाला होता का. एखादी शस्त्रक्रिया डॉक्टरांनी सुचवली आहे, पण अजून केलेली नाही, असं आहे का. एका ‘हो’वर अर्ज परत येऊ शकतो, आणि तो कायद्याला धरूनच परत येतो. कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, मेन आणि न्यू यॉर्क या चार राज्यांत पुढेही वर्षभर किंवा वर्षातल्या ठरावीक काळात तब्येत न पाहता मेडिगॅप मिळण्याची सोय आहे. कॅलिफोर्नियात वाढदिवसाच्या सुमारास, आधीच मेडिगॅप असलेल्यांना तेवढ्याच किंवा कमी लाभांची पॉलिसी बदलून घेता येते. न्यू जर्सीत राहून न्यू यॉर्कच्या मैत्रिणीचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये तो यासाठी.

जानेवारी ते मार्च आणखी एक मुदत असते. अ‍ॅडव्हान्टेजमध्ये असलेल्याला तेव्हा एकदा योजना बदलता येते किंवा मूळ मेडिकेअरमध्ये परतता येतं. परतण्याचा हक्क खरा आहे, पण परतल्यावर मेडिगॅप मिळेलच याची हमी त्यात नाही. मग हातात २० टक्के, आणि तेही अमर्याद. याला अपवाद चाचणीच्या हक्काचा: मेडिकेअरला नव्याने पात्र होताना, ६५ व्या वर्षी, थेट अ‍ॅडव्हान्टेज घेतलं असेल, तर पहिल्या १२ महिन्यांत बाहेर पडून हमीने मेडिगॅप घेता येतं. असलेलं मेडिगॅप सोडून पहिल्यांदाच अ‍ॅडव्हान्टेजकडे गेलेल्यालाही वर्षभर परतीची वाट असते. शून्य प्रीमियम सांगणाऱ्या प्रत्येक एजंटने हे आपणहून सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. सांगितलं नाही तर आपण विचारावं, आणि उत्तर लेखी मागावं.

आपल्या लोकांपैकी दोघांनी विशेष जपायला हवं. पहिले, पासष्टीनंतरही नोकरी करणारे. कंपनीचा विमा चालू असताना नुसतं ‘असू दे’ म्हणून पार्ट बी घेतलं, तर मेडिगॅपचं घड्याळ तिथेच सुरू होतं आणि सहा महिने न वापरता संपतात. मालकाकडे २० किंवा जास्त माणसं असतील, तर नोकरीतल्या विम्यावर असेपर्यंत पार्ट बी बहुधा दंडाशिवाय लांबवता येतं. एचआरकडून ते पक्कं करून घ्यावं.

दुसरे, मुलांनी ग्रीन कार्डवर बोलावलेले आईवडील. अमेरिकेत कामाच्या तिमाह्या (कर भरून केलेल्या कामाचा तीन-तीन महिन्यांचा हिशेब) भरलेल्या नसतील तर वय ६५ होऊन भागत नाही, ग्रीन कार्ड आणि सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. समजा, आईला ते ७१ व्या वर्षी पुरं झालं. तिची पहिली नोंदणी-मुदत त्या महिन्याच्या आगेमागे मिळून सात महिन्यांची. स्वतःच्या किंवा बाबांच्या ४० तिमाह्या नाहीत, म्हणून पार्ट एदेखील विकत घ्यावं लागतं. ३० पेक्षा कमी तिमाह्या असतील तर २०२६ मध्ये महिन्याला ५६५ डॉलर, शिवाय पार्ट बीचे २०२.९०. म्हणजे एकटीचे ७६७.९० डॉलर, आणि मेडिगॅपचा प्रीमियम वर वेगळा. हा आकडा पाहून कित्येक घरांत ‘आत्ता फक्त पार्ट बी घेऊ, ए नंतर पाहू’ असं ठरतं. पण मेडिगॅपचे सहा महिने पार्ट बीवर मोजले जातात, आणि पॉलिसीला मात्र ए आणि बी दोन्ही लागतात. ‘नंतर’ आलं तेव्हा मुदत संपलेली असते.

याच आईवडिलांना भारतातल्या मुक्कामाचाही विचार करावा लागतो. मूळ मेडिकेअर पुण्यातल्या इस्पितळाचं बिल देत नाही. मेडिगॅपच्या सी, डी, एफ, जी, एम आणि एन या योजनांत परदेशी प्रवासातल्या तातडीच्या उपचारांची सोय असते: प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत उद्भवलेलं आजारपण, आधी २५० डॉलर आपले, पुढच्या खर्चाचे ८० टक्के विम्याचे, आणि आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलर. सी आणि एफ मात्र २०२० पासून नव्याने पात्र झालेल्यांना मिळत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात बोलणं जी आणि एनचंच होतं. अ‍ॅडव्हान्टेजच्या काही योजनाही परदेशातली तातडी भागवतात. पण योजनेच्या क्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं तर नावच कमी होतं. दिवाळीला जाऊन आंबे संपल्यावर परतणाऱ्यांनी तारखा मोजूनच तिकीट काढावं.

बदल करताना काय आपोआप होतं आणि काय होत नाही, हेही लक्षात असू द्या. एका अ‍ॅडव्हान्टेज योजनेतून दुसरीत नाव नोंदवलं की पहिली आपोआप सुटते. मेडिगॅप तशी सुटत नाही. ती कंपनीला कळवून बंद करावी लागते, नाहीतर हप्ता खात्यातून जात राहतो. उलट दिशेने, मेडिगॅप घेतल्याने अ‍ॅडव्हान्टेज सुटत नाही. ते वेगळं सोडावं लागतं. मेडिगॅप मंजूर झाल्याचं पत्र हाती येण्याआधी जुनं काही सोडू नये. पॉलिसी मिळाल्यावर ३० दिवसांत पसंत नाही म्हणून परत करता येते.

निर्णयाआधी एजंटशिवाय आणखी एका माणसाशी बोलावं. प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाची मोफत सल्ला-सेवा आहे. कॅलिफोर्नियात तिला हायकॅप म्हणतात, मॅसॅच्युसेट्स आणि फ्लोरिडात शाइन. तिथले समुपदेशक काहीही विकत नाहीत, त्यामुळे त्यांना कमिशनही नसतं. जाताना पार्ट बी सुरू झाल्याची तारीख, औषधांची यादी आणि डॉक्टरांची नावं घेऊन जा. तक्रार करायची वेळ आली, तर अ‍ॅडव्हान्टेजची मेडिकेअरच्या हेल्पलाइनवर आणि मेडिगॅपची आपल्या राज्याच्या विमा खात्याकडे.