भुट्टा (नागपूर)

भुट्टा म्हणजे मक्याचं कोवळं, दुधाळ दाण्यांचं कणीस, निखाऱ्यावर भाजून नाहीतर उकडून खायचं. पुण्यामुंबईकडे मक्याचं कणीस म्हणतात, नागपुरात मात्र भुट्टाच, कारण नुसतं कणीस म्हटलं की इकडे आधी ज्वारीचं आठवतं. हा शब्द हिंदीतून आलाय आणि हिंदी कोशकार तो संस्कृत 'भृष्ट' म्हणजे भाजलेलं याच्याशी जोडतात, ते पटण्यासारखं आहे. 'मका' हे नाव मक्केवरून पडलं असं नेहमी सांगतात, पण पीक काही अरबस्तानातलं नाही, तेव्हा व्यापाराच्या वाटेवरून पडलेलं नाव एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. युरोपातही मक्याला तुर्की गहू म्हणायचेच की.

मूळ कुठलं यावर बराच वाद झालाय. दक्षिण मेक्सिकोत बाल्सास नदीच्या खोऱ्यात साधारण 9000 वर्षांपूर्वी टिओसिंटे नावाच्या रानगवतापासून मका तयार झाला हे आता बहुतेक अभ्यासक मानतात, आणि भारतात तो पोर्तुगीजांबरोबर, बहुधा 16 व्या शतकात आला. पण 1989 मध्ये जोहानेसन आणि पार्कर या संशोधकांनी कर्नाटकातल्या सोमनाथपूरच्या 13 व्या शतकातल्या होयसळ मंदिरात मूर्तींच्या हातात मक्याची कणसं कोरलीत असं मांडलं, म्हणजे कोलंबसाच्याही आधी मका इथे होता असा तो दावा. कोरीवकामात दाण्यांच्या ओळी दिसतात हे खरं. पण 1993 मध्ये पायक आणि सचान यांनी ते मुक्ताफळ, म्हणजे मोत्यांनी मढवलेलं काल्पनिक फळ आहे असं उत्तर दिलं, आणि तेच जास्त बरोबर वाटतं, कारण रोजच्या खाण्यातलं पीक नुसतं दगडात राहून शेतात, स्वयंपाकघरात कुठेच माग ठेवत नाही असं सहसा होत नाही.

कणसाची रचना बघण्यासारखी आहे. टोकाला जे रेशमी केस असतात त्यातला एकेक केस एकेका दाण्याचा असतो, तुऱ्यातला पराग त्या केसावर पडला तरच तो दाणा भरतो, नाहीतर तिथे जागा रिकामी. दाण्यांच्या ओळी नेहमी सम असतात, 12, 14, 16 अशा, कारण फुलं जोडीजोडीनंच येतात. केस आल्यावर साधारण 20 दिवसांनी दाणा दुधाळ होतो, नखानं दाबला की पांढरं दूध उडतं, भुट्ट्याची खरी वेळ हीच. पुढे साखरेचा स्टार्च होत जातो आणि दाणा पिठूळ, मग चिवट.

नागपूरच्या उन्हाळ्याचा आणि भुट्ट्याचा संबंध इथेच लागतो. पारा 35 ते 38 अंशांच्या वर गेला आणि हवा कोरडी असली की पराग मरायला लागतो, केस सुकतात, आणि इथे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, म्हणून केस येण्याची वेळ ऐन उन्हात सापडली की भुट्टे अर्धवट भरलेले, बोडखे निघतात. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी देऊन पेरलेला मका मात्र कडक ऊन पडायच्या आत परागणातून सुटतो, त्यामुळे उन्हाळ्यातही चांगला भुट्टा मिळतो, फक्त तो लगेच खावा लागतो. तोडल्यावर 30 अंशांत एका दिवसात साखर जवळजवळ निम्मी होते, मग नागपूरच्या दुपारी हातगाडीवर पडलेल्या, सोललेल्या भुट्ट्याचं काय होत असेल ते लक्षात येतं. अमेरिकन म्हणून विकतात त्या स्वीट कॉर्नमध्ये जनुकातल्या बदलामुळे साखरेचा स्टार्च लवकर होत नाही, म्हणून तो संध्याकाळपर्यंत गोड राहतो, पण भाजल्यावर देसी भुट्ट्याचा जो खमंगपणा येतो तो त्यात नाही.

खरा हंगाम पावसाळी. जूनमध्ये पेरलेला मका ऑगस्टपासून येतो, पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या, म्हणजे नागपूरच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, दिवसांत तर फुटाळा आणि अंबाझरी तलावाकाठी कोळशाचा धूर असतोच. शेजारच्या मध्यप्रदेशात, सव्वाशे किलोमीटरवरचा छिंदवाडा मक्यासाठी प्रसिद्ध आहे, तिथे कॉर्न फेस्टिव्हलही भरलाय.

गाडीवरची बाई विचारते, "कवळा देऊ का कडक?" कवळा सांगावा. ती पानं मागे ओढते, पुठ्ठ्यानं निखारे फुलवते, दाणे तडतडायला लागले की कणीस फिरवत राहते, मग अर्धं लिंबू तिखट-मिठात बुडवून सगळीकडून जोरात घासते आणि त्याच्याच पानावर हातात देते. काळे डाग पडलेले दाणे सगळ्यात चवदार. उकडलेला, बटर-मसाल्याचा कपही मिळतो, मुलांना तो आवडतो.

घेताना पानासकटचाच घ्यावा, सोललेला नको. केस टोकाला तपकिरी आणि आत अजून ओलसर, पानं हिरवी, देठाचा काप ताजा, आणि पानावरूनच चाचपून टोकापर्यंत दाणे भरलेले लागले की तो भुट्टा त्याच दिवशी तोडलेला असण्याची शक्यता जास्त.