सैन्य हरलं नाही, घरी गेलं

३० नोव्हेंबर २०२४ रोजी सीरियातल्या अलेप्पो शहराच्या जुन्या किल्ल्यासमोर उभे राहून बंडखोर फोटो काढत होते. हे शहर पूर्ण ताब्यात घ्यायला राष्ट्राध्यक्ष बशर अल-असादच्या फौजेला २०१६ उजाडलं होतं. चार वर्षं लढाई, वरून रशियाची विमानं, जमिनीवर लेबनॉनमधल्या हिजबुल्ला संघटनेचे लढवय्ये, एवढं सगळं पणाला लावून मिळवलेलं शहर आता तीन-चार दिवसांत गेलं. ५ डिसेंबरला हमा शहर पडलं, पाठोपाठ होम्स, आणि ८ डिसेंबरला पहाटे असाद विमानात बसून पळाला. १९७० पासून चाललेली बापलेकांची सत्ता संपली.

बंडखोरांची तयारी चांगली होती, यात वाद नाही. हयात तहरीर अल-शाम या त्यांच्यातल्या मुख्य गटाने वायव्येकडच्या इदलिबमध्ये शिस्तबद्ध पलटणी उभ्या केल्या होत्या, ड्रोन बनवले होते. पण हमाच्या आसपासची काही दिवसांची झुंज सोडली, तर बहुतेक ठिकाणी त्यांना लढावंच लागलं नाही. सैनिकांनी गणवेश रस्त्यात टाकले, साधे कपडे चढवले आणि चालू लागले. जवळपास दोन हजार जण सीमा ओलांडून इराकमध्ये गेले.

माझ्या मते इथे खरा प्रश्न बंडखोर का जिंकले हा नाहीच. तेरा वर्षं टिकलेली फौज एकदम का विरघळली, हा आहे. त्याचं एक उत्तर थोड्या गणिताने मिळतं. १९७८ साली समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ते दंगलीच्या उदाहरणाने मांडलं होतं. आपण ते एका लष्करी चौकीवर नेऊन बघू.

चौकीत शंभर सैनिक आहेत. प्रत्येकाचा एक ‘उंबरठा’ आहे, म्हणजे आधी किती जण पळालेले दिसले की हा पळेल तो आकडा. पहिल्याचा उंबरठा शून्य, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शंभराव्याचा नव्याण्णव. शून्यवाला कोणाची वाट न बघता निघतो. एक गेलेला पाहून एकवाला निघतो, दोघे गेलेले पाहून दोनवाला. संध्याकाळपर्यंत चौकी रिकामी.

आता फक्त एक बदल करू. ज्याचा उंबरठा एक होता, त्याचा दोन करू. शून्यवाला पळतो, पण एका माणसाकडे पाहून पळणारा आता कोणीच उरलेला नाही. मामला तिथेच थांबतो आणि नव्याण्णव जण जागेवर राहतात. पहिल्या चौकीतल्या उंबरठ्यांची सरासरी ४९.५ होती, दुसरीतली ४९.५१. बाहेरून पाहणाऱ्याला एक चौकी भित्र्यांची वाटेल आणि दुसरी शूरांची, पण माणसं जवळजवळ तीच आहेत.

मनातला आकडा कोणी कपाळावर लिहून फिरत नाही, हुकूमशाहीत तर नाहीच. अर्थतज्ज्ञ तिमुर कुरान यांनी १९८९ च्या पूर्व युरोपातल्या क्रांत्यांचा अभ्यास करताना हाच मुद्दा धरला होता: लोक खरं मत लपवतात, त्यामुळे शेजाऱ्यालाही वाटतं की नाराज फक्त आपणच आहोत. सीरियात तर या नाटकाचीच राज्यव्यवस्था झाली होती. अभ्यासक लिसा वेडीन यांनी बशरचा बाप हाफेझ अल-असाद याच्या काळातला एक किस्सा नोंदवला आहे. एका बड्या अधिकाऱ्याने सैनिकांना रांगेत उभं करून काल रात्री पडलेली स्वप्नं सांगायला लावली. कोणाला आकाशात नेत्याची प्रतिमा दिसली होती, कोणी तिचं चुंबन घ्यायला शिडीवर चढलं होतं. एकाने मात्र साहेबाच्या तोंडावर भलतंच स्वप्न सांगितलं, आणि मार खाऊन सैन्यातून बाहेर पडला. बाकीच्यांच्या स्वप्नांवर साहेबाचाही विश्वास नसणार. विश्वास बसावा ही अपेक्षाच नव्हती, सगळे मुकाट्याने खोटं बोलतात एवढं दिसलं की पुरे.

पण ही सोय राजालाही महागात पडते. खालून वर जाणारी प्रत्येक बातमी गोड होऊन जाते. त्यात सीरियात हवाई दलाची गुप्तचर यंत्रणा वेगळी, लष्कराची वेगळी, शिवाय राजकीय सुरक्षा आणि सर्वसाधारण गुप्तचर खातं, आणि सगळ्यांचं एकमेकांवर लक्ष. लष्करी बंड टाळायला ही रचना नामी आहे, कारण कट करायला दोन अधिकाऱ्यांचा एकमेकांवर भरवसा लागतो. पण लढायलाही तोच भरवसा लागतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्यावर शिल्स आणि जॅनोविट्झ यांनी १९४८ मध्ये लिहिलेला लेख अजून वाचला जातो. सैनिक विचारसरणीपेक्षा आपल्या छोट्या तुकडीतल्या सोबत्यांसाठी टिकून राहतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. शेजारचा खबऱ्या असेल अशी शंका असली, तर कोणासाठी टिकायचं?

उंबरठे खाली येण्याची कारणं तशी उघड होती. युद्धाआधी डॉलरला पन्नासच्या आत असलेला सीरियन पौंड दहा हजारांच्या पलीकडे घसरला होता. सैनिकाच्या पगारात घर चालत नव्हतं, आणि राजघराण्याभोवतीची माणसं कॅप्टॅगॉन या नशेच्या गोळ्यांच्या धंद्यात गबर झाली होती. रशिया युक्रेनमध्ये अडकला होता, हिजबुल्ला इस्रायलशी लढून खिळखिळी झाली होती. हे सगळं प्रत्येक सैनिकाला आधीपासून माहीत होतं. अलेप्पोच्या फोटोंमुळे एकच गोष्ट नवी कळली: हे बाकीच्यांनाही माहीत आहे आणि ते थांबलेले नाहीत. ४ डिसेंबरला असादने सैनिकांना पन्नास टक्के पगारवाढ जाहीर केली. अशा वेळी पगारवाढीचा हुकूमही घबराटीचीच बातमी सांगतो. ७ तारखेच्या रात्री पंतप्रधान मोहम्मद गाझी अल-जलाली यांनी फोन केला, तेव्हा त्यांच्याच सांगण्यानुसार असादचं उत्तर होतं, “उद्या बघू.”

मग हे आधी कोणाला सांगता आलं असतं का? मला नाही वाटत. जुलै २०१२ मध्ये दमास्कसमधल्या स्फोटात संरक्षणमंत्री दाऊद राजिहा आणि असादचा मेहुणा आसेफ शौकत ठार झाले. त्याच महिन्यात बंडखोर अलेप्पोत शिरले, आणि पुढच्या महिन्यात तत्कालीन पंतप्रधान रियाद हिजाब देश सोडून विरोधकांना मिळाले. बाहेरून चित्र २०२४ पेक्षा कितीतरी वाईट होतं आणि आता काही आठवड्यांचाच प्रश्न आहे, असं अनेक जाणकार म्हणत होते. तेव्हाही हजारो सैनिक पळाले. पण मधल्या फळीतले, विशेषतः असादच्याच अल्पसंख्य अलावी पंथाचे अधिकारी, सत्ता गेली तर आपली गत काय होईल या भीतीने जागेवर राहिले, आणि साखळी तिथे तुटली. २०२४ मध्ये बंडखोरांनी शहरं घेताना शरण येणाऱ्यांना अभय देऊ केलं होतं. ते किती पाळलं जाईल हे त्या आठवड्यात कोणालाच ठाऊक नव्हतं, पण गणवेश उतरवायला तेवढं पुरलं.