तारेचा झोळ

हुपरीच्या बाजूला तळंदग्याचं ४०० केव्ही, म्हणजे चार लाख व्होल्टचं सबस्टेशन आहे. तिथून निघालेले टॉवर उसाच्या फडांवरून ढांगा टाकत गेलेले दिसतात. एखाद्या बांधावर बसून तारेचा मधला भाग लांबच्या बाभळीच्या शेंड्याशी जुळवून ठेवा. थंडीतल्या पहाटे एकदा आणि एप्रिलच्या भर दुपारी एकदा. दुपारी तार खाली उतरलेली असते.

टॉवरवरची तार म्हणजे पोलादी गाभ्याभोवती वळलेले अॅल्युमिनियमचे पेड. वीज वाहते तशी ती आतून तापते, वरून ऊन असतंच. दोन टॉवरमध्ये ४०० मीटरचं अंतर धरलं आणि तार ४० अंशांनी तापली, तर तिची लांबी जेमतेम फूटभर वाढते. झोळ, म्हणजे तारेचा मधला लोंबता भाग, मात्र दीड-दोन मीटरनं खाली येतो. कपडे वाळत घालायची दोरी आठवा: खिळ्याशी गाठ बोटभर सैल झाली, की मधलं धोतर जमिनीला टेकायला येतं. ४०० केव्हीची तार जमिनीपासून किमान ८.८४ मीटर उंच राहिली पाहिजे, असा नियम आहे. खाली उभा ऊस असतो, तोडणीनंतर कोणी पाचट पेटवलं तर जाळ असतो. तापलेली, धुरानं भरलेली हवा विजेला रोखायला कमी पडते आणि लाइन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते.

म्हणून प्रत्येक लाइनला विजेची मर्यादा घालून दिलेली असते, आणि गंमत इथंच आहे. ही मर्यादा ठरवताना कडक ऊन आणि जवळपास पडलेला वारा गृहीत धरतात. तोच आकडा मग श्रावणातल्या गार, वाऱ्याच्या दिवशीही चालवला जातो. तारेवर आडवा वारा आला तर ती भराभर निवते आणि तेवढी जास्त वीज बिनघोर वाहू शकते. सातारा-सांगलीकडच्या पठारांवर पवनचक्क्या पावसाळ्यातच जोरात फिरतात. म्हणजे वीज भरपूर तयार होते, तेव्हा त्या भागातल्या तारांनाही बऱ्याचदा तोच वारा मिळत असतो. पण कागदावरचा आकडा वाऱ्याला विचारत नाही.

यावरचे उपाय आता प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाहीत. तारेवर सेन्सर बसवून तिचं तापमान, झोळ आणि वारा मोजायचा, आणि मर्यादा तासातासाला ठरवायची, हा एक. दुसरा उपाय म्हणजे टॉवर तेच ठेवून तार बदलायची. पोलादाऐवजी कार्बन तंतूंचा गाभा घातला की तार तापूनही फारशी लांबत नाही, हलकी असते, आणि तिच्यावर अॅल्युमिनियम जास्त बसतं. त्याच वाटेनं सुमारे दुप्पट वीज जाऊ शकते. नवा टॉवर नाही, म्हणजे कुणाच्या रानात नवा खड्डा नाही. पायाभरणीला आलेला जेसीबी बांधावर अडवलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

मग हे सगळीकडे का होत नाही? कारण बरंचसं हिशेबाचं आहे. पारेषण कंपनीला, म्हणजे टॉवरवरून वीज वाहून नेणाऱ्या कंपनीला, गुंतवलेल्या भांडवलावर ठरावीक परतावा मिळतो. मोठी नवी लाइन म्हणजे मोठं भांडवल. स्वस्त सेन्सरवर मिळणार काय? अभियंत्यांना हे कळत नाही असं नव्हे, पण नियमच कंपनीला महागड्या वाटेकडं ढकलतो. नियम बदलायची एक वाट म्हणजे कायदा.

अमेरिकेतल्या काही राज्यांनी तो केला. मोंटानानं २०२३ मध्ये नव्या प्रकारच्या तारांसाठी कंपन्यांना आर्थिक प्रोत्साहनाची वाट काढून दिली. २०२४ मध्ये मिनेसोटानं कोंडी होणाऱ्या लाइन शोधून त्यांवर हे उपाय चालतील का ते तपासायला लावलं, आणि कॅलिफोर्नियानंही असा अभ्यास बंधनकारक केला. झोळाचं दुखणं त्या देशानं चांगलंच भोगलंय. १४ ऑगस्ट २००३ ला ओहायोत झोळ पडलेल्या तारा वाढलेल्या झाडांना लागल्या, पुढं एकेक लाइन बंद पडत गेली आणि सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. त्या झाडांची छाटणी झाली नव्हती, हे मात्र कुठल्याही सेन्सरच्या पलीकडचं.

आपल्याकडे वीज हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतला विषय, त्यामुळे केंद्राच्या २००३ च्या वीज कायद्याबरोबर राज्यालाही कायदा करता येतो. राज्यातल्या पारेषणाचं नियोजन महापारेषण या सरकारी कंपनीकडं आहे, दर ठरवतो वीज नियामक आयोग. मला विचाराल तर एक कलम पुरे: नवी लाइन मागण्याआधी जुनीतून आणखी किती वीज नेता येईल, ते मोजून दाखवा. दरवाढीच्या जाहीर सुनावणीत हा प्रश्न कुणालाही विचारता येतो.

उत्तर दर वेळी सोयीचंच येईल असं नाही. फार लांबच्या लाइनवर तार तापायच्या आधी व्होल्टेजची घसरणच आडवी येते, तिथं गार वारा काही कामाचा नाही. आणि तार बदलली तरी दोन्ही टोकांचे ट्रान्सफॉर्मर आणि ब्रेकर जुनेच असतील, तर जास्तीची वीज सबस्टेशनच्या फाटकातच अडकते.