सिंहस्थ बारा वर्षांनी का येतो आणि त्यात गुरुत्वाकर्षणाचं काम काय

नाशिकमध्ये सध्या कुठेही जा, रामकुंडावर, तपोवनात, त्र्यंबकच्या रस्त्याला, विषय एकच, सिंहस्थ. २००३ ला झाला, २०१५ ला झाला, आता २०२६-२७. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, हे आपल्याकडे शाळेतलं पोरगंही सांगतं. पण गुरूला फिरून तिथे यायला बारा वर्षंच का लागतात, हे फारसं कोणी विचारत नाही आणि मला तर सगळ्यात भारी गोष्ट तीच वाटते.

ग्रह सूर्याभोवती फिरतो म्हणजे तो सतत सूर्याकडे पडत असतो. पृथ्वीचंच घ्या, एका सेकंदात ती साधारण ३० किलोमीटर पुढे जाते आणि तेवढ्यात सूर्याकडे पडते किती, तर जेमतेम ३ मिलिमीटर! तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. पण हे दर सेकंदाला, न थांबता चालू असतं, म्हणून वाट वळत वळत वर्षभरात फेरी पूर्ण होते. पुढे जायचा वेगच नसता तर दोनेक महिन्यांत आपण सूर्यात, आणि सूर्याची ओढ नसती तर सरळ रेषेत कुठच्या कुठे.

आता गुरू. तो आपल्यापेक्षा ५.२ पट लांब, सूर्यापासून जवळजवळ ७८ कोटी किलोमीटरवर. अंतर वाढलं की ओढ वर्गाच्या हिशोबाने घटते, ५.२ गुणिले ५.२, म्हणजे तिथे ती २७ पट कमी. एवढ्याशा ओढीत गुरू पृथ्वीच्या वेगाने पळाला असता तर कधीच सुटून गेला असता, तिथे टिकायचं तर सेकंदाला १३ किलोमीटरच. रस्ता पाचपट लांब आणि वेग निम्म्याहून कमी, मग वेळ लागणारच ना.

मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडा आणि करूनच बघा. ५.२ गुणिले ५.२ गुणिले ५.२, येतात १४०.६, त्याचं वर्गमूळ काढा, ११.८६. झाली गुरूची फेरी, वर्षांत! हा नियम केप्लरने १६१९ मध्ये छापला, त्यामागचं कारण न्यूटनने १६८७ मध्ये दिलं. शनी अजून लांब, त्याला साडेएकोणतीस वर्षं, म्हणजे एका राशीत साधारण अडीच, तीन राशींची साडेसाती. नशिबाशी त्याचा काही संबंध आहे असं मला अजिबात वाटत नाही, पण साडेसातचा आकडा मात्र सूर्यापासूनच्या अंतरातूनच आलाय.

गुरू ३१८ पृथ्व्यांएवढा जड आहे म्हणून हळू चालतो असं बऱ्याच जणांना वाटतं, ते चूक आहे. उद्या पृथ्वी उचलून त्याच्या जागी ठेवली तर तिलाही तेवढीच वर्षं लागतील, कारण जड ग्रहाला सूर्य जास्त जोराने ओढतो पण त्याला वळवायला जोरही तेवढाच जास्त लागतो, हिशोब बरोबरीत सुटतो. वजन दिसतं ते दुसरीकडे, गुरू सूर्यालाही ओढतो आणि दोघं ज्या बिंदूभोवती फिरतात तो सूर्याच्या पृष्ठभागाच्या किंचित बाहेर पडतो.

आणि हो, ११.८६ म्हणजे पूर्ण बारा नाहीत. दर फेरीला गुरू दीड-पावणेदोन महिने आधीच पोचतो, सात फेऱ्यांत जवळपास वर्षाचा फरक साठतो. हरिद्वारचा मेळा कुंभ राशीतल्या गुरूवर ठरतो, तो २०१० नंतर २०२२ ऐवजी २०२१ मध्येच, अकराव्या वर्षी घ्यावा लागला तो यामुळेच.