पाटीलचं ‘बाटील’ का झालं?

माझी भाची लंडनला शिकते. मध्यंतरी तिने एका दवाखान्यात फोन करून आडनाव सांगितलं, पाटील. पलीकडच्या बाईंनी लिहून घेतलं ‘बाटील’. तिने तीनदा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, तरी बाटीलच. घरी सगळ्यांचं एकमत झालं: आपली जीभच जड. लहानपणी वेखंड उगाळून चाटवायचं राहून गेलं, याची हळहळही झाली. पण ‘प’ म्हणताना काम करतात ते ओठ. जिभेचा तिथे संबंधच नाही. मग वेखंड काय करणार?

खरी गोष्ट घडते ती ओठ उघडल्यानंतरच्या काही मिलिसेकंदांत. ओठ मिटतात, मागे हवा कोंडते, ओठ सुटतात आणि घशातले स्वरतंतू थरथरू लागले की ‘आ’ ऐकू येतो. ओठ सुटल्यापासून थरथर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, यावर सगळं ठरतं. लिस्कर आणि अब्रामसन या संशोधकांनी १९६४ साली अकरा भाषांमध्ये हे अंतर मोजलं. त्यांत मराठीही होती! इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क या आवाजांची सरासरी आली ५८, ७० आणि ८० मिलिसेकंद. ब, ड, ग यांची १, ५ आणि २१. आपल्या ‘प’मध्ये तर ओठ सुटता सुटताच थरथर सुरू होते. म्हणजे आपला ‘प’ थेट त्यांच्या ‘ब’च्या जागेवर जाऊन बसतो. आपला ‘ब’ त्याहून वेगळा. त्यात ओठ मिटलेले असतानाच घसा थरथरत असतो.

थरथर सुरू व्हायला उशीर झाला की त्या मधल्या वेळात श्वास सुटतो. शाळेतल्या व्याकरणात याला महाप्राण म्हणतात. क आणि ख, ट आणि ठ यांतला हा फरक आपलं तीन वर्षांचं पोरही चुकत नाही. त्यामुळे ‘तीस दिवसांत साहेबी उच्चार’ अशा जाहिरातींवर पैसे घालवणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. लागणारा श्वास आपल्या बाराखडीतच आहे. आपण ‘टाइम’ आणि ‘कार’ असं लिहितो, म्हणून तसंच बोलतो, एवढंच. ‘ठाइम’, ‘खार’ म्हणून पाहा; इंग्रजाच्या कानाला ते जास्त ओळखीचं वाटेल. ‘फ’ मात्र जपून. हल्ली आपण ‘फळ’सुद्धा ‘फॅन’सारखं, खालच्या ओठाला दात लावून म्हणतो. इथे दोन्ही ओठ मिटून सुटणारा जुना ‘फ’ हवा.

आणखी एक मेख आहे. इंग्रजीत आधी ‘स’ आला की हा श्वास गळून पडतो. ‘स्पून’, ‘स्टेशन’, ‘स्कूल’ आपण म्हणतो तसेच बरोबर.

भाचीला व्हिडिओ कॉलवर ओठांसमोर कागदाचं चिटोरं धरायला लावलं. ‘पिन’ म्हटल्यावर ते फडफडलं, ‘स्पिन’ला जागच्या जागी राहिलं. आता ती ‘पोटॅटो’वर अडली आहे. त्यातल्या मधल्या ‘ट’वर आघात असल्याने तिथे श्वास जोरात हवा, शेवटच्या ‘ट’ला जवळजवळ नको. तिचं चिटोरं अजून दोन्हीकडे सारखंच हलतंय.